टाचेची चप्पल

अण्णा, काल मी सोलापूरला जाऊन उंच टाचेची चप्पल घेतली. डिझायनर म्हणतात तसली, मखमली पेटीतून मिळते ती. किंमत सांगत नाही, नाहीतर तुम्ही आहात तिथून उठून याल. जिला अख्खं कळंब ‘शिडी’ म्हणायचं त्या तुमच्या लेकीला आणखी उंच व्हायची काय गरज पडली, हे तुम्ही विचारणारच, म्हणून लिहायला बसले आहे.

गरज तुमच्या नातीची आहे. धाकट्याची मुलगी, तुम्ही गेलात तेव्हा रांगत होती. तीही माझ्यासारखीच ताडमाड वाढली, आणि पुढच्या आठवड्यात तिचं लग्न आहे. नवरा मुलगा तिच्याहून जरासा बुटका. त्याला त्याचं काही वाटत नाही, वाटतं ते आपल्याच घरच्यांना. रिसेप्शनला सपाट चप्पलच घालायची, असा तिच्या आईचा हुकूम निघाला. पोर फोनवर मला म्हणाली, “आत्या, मला हील घालायचीय गं. तू घातलीस तर मला कुणी बोलणार न्हाय. तू घाल, मग मी घालते.” मी हो म्हणून बसले. मी कच खाल्ली तर ती स्वतःच्या लग्नात मान खाली घालून उभी राहील, आणि तसं उभं राहणं काय असतं हे आपल्या घरात माझ्याएवढं कुणाला माहीत आहे?

तुमची चपला आणायची रीत आठवते. मालाच्या कामाला लातूरला निघालात की आम्हा भावंडांना अडत दुकानात ओळीनं उभं करायचात. पोती शिवायची सुतळी टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरायची, आणि पुढं आणखी बोटभर सोडून तोडायची. “वाढतं अंग हाय, पुढच्या साली बी चालंल.” सुतळ्या खिशात घालून तुम्ही एसटीत बसायचात, आमचे पाय घरीच. येणारी चप्पल मागून अशी फटफट वाजायची की मी आल्याचं बाईंना वर्गात बसूनच कळायचं. गंमत बघा, वाढती चप्पल आणणारे तुम्हीच आणि मी वाढले तर घोर लागणारेही तुम्हीच.

पाहुणे मला बघायला यायचे तेव्हा तुम्ही मला ओसरीच्या पायरीखाली उभं करायचात. “जरा वाकून चाल की बाई, मुलगा बेताचाच हाय.” मी वाकायची. बी.एड.च्या वर्षी मैत्रिणींबरोबर मी एक टाचेची चप्पल आणली, आणि पायात घालायच्या आत तुम्ही ती स्टँडसमोर चपला शिवणाऱ्याकडे घेऊन गेलात. तो म्हणाला, “दादा, टाच काढली तर चप्पल पुढनं वर उचलंल.” “उचलू दे. पोरगी खाली आली पायजे.” मी शेजारीच उभी होते, तुमच्याहून वीतभर उंच. शेवटचे पाहुणे केजहून आले होते. त्यांची जीप वळली तसे तुम्ही म्हणालात, “आता कुणापुढं हुबी र्‍हाऊ नको.” त्यानंतर तुम्ही कुणाला बोलावलं नाहीत. ते मायेनं म्हणालात की कंटाळून, हे विचारायचं राहून गेलं. लोकांनी नाकारल्याचं मला फारसं लागलं नाही, अण्णा. तुम्ही हात टेकलेत, त्याचं लागलं. मग शाळा आणि घर, घर आणि शाळा. भाजी निवडता निवडता मी स्वतःशी मोठ्यानं बोलते हे अलीकडे शेजारणीलाही ठाऊक झालंय.

काल मुद्दाम संध्याकाळी गेले, दिवसभरात पाय सुजतात म्हणून. पहिली जोडी दाभणासारख्या टाचेची होती, तिच्यावर मी नुसती उभीसुद्धा राहू शकले नाही. मग रुंद टाचेची, घोट्याला पट्टा असलेली पाहिली, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, “एक नंबर मोठी द्या.” उभी राहिले तर पाय उताराला लागल्यासारखा पुढं घसरला आणि बोटं टोकात चेंगरली. सपाट चपलेत वाढतं माप खपून जातं, टाचेत नाही. शिवाय पन्नाशीला आलेल्या बाईचं कसलं वाढतं अंग! नेमक्या मापाची मागवली. पट्टा आवळला, फरशीवर चार फेऱ्या मारल्या. कुठं टोचत नव्हतं, कुठं वाजत नव्हतं.

पण त्या दुकानातल्या बुटक्या आरशात फक्त पाय दिसतात. दुकानातली मुलगी म्हणाली, “मॅडम, पूर्ण कशा दिसताय ते सोबतच्यांना विचारा की. कोण आलंय?” आजूबाजूला प्रत्येकीबरोबर कुणीतरी होतं. कुणाची बहीण, कुणाचा कंटाळलेला नवरा. मी म्हणून गेले, “वडील आलेत. बाहेर थांबलेत.”

“मग दाखवून या की.”

आता काय करणार? गेले काचेच्या दारापर्यंत. बाहेर मोटारसायकली होत्या आणि स्टुलावर पेंगणारा वॉचमन. आयुष्यात एवढी उंच मी कधी नव्हते. तशीच थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले.

“काय म्हणले वडील?”

“ताठ चाल म्हणाले.”

अण्णा, तुम्ही जन्मात असं कधी म्हणाला नाहीत. हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही म्हणून सांगते, त्या मुलीला ते खरं वाटलं, आणि बिल होईपर्यंत मलाही.