मालनबाई उके यांना दिलेल्या पुस्तकाबाबत

मी, भैय्यालाल पावलू डोंगरे, वय ७४ वर्षे, धर्म ख्रिस्ती (कॅथलिक), निवृत्त कारकून, राहणार ठाणा, जवाहरनगरजवळ, तालुका व जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र माझ्या मनाने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हाताला कंप आहे, पण तो वयाचा आहे, विचाराचा नाही. कोणी मला भरीस घातलेले नाही. लिहू नका असे मात्र माझ्या मुलाने सांगितले, त्याचे म्हणणे पुढे दिले आहे. २०१६ साली केलेले मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. त्या वेळी माझ्याकडे वाटण्यासारखे होते, सांगण्यासारखे काही नव्हते.

१. माझी पत्नी उषाबाई २०१४ साली वारली. मुलगा निकेश पुण्यात नोकरीला आहे, सून टीना. दुसरा वारस नाही. माझे वडील मिशनच्या बंगल्यावर स्वयंपाकी होते. तिथल्या फादरांच्या रद्दीवर मी अक्षरे गिरवली. पुढे कारखान्यात स्टोअरला चौतीस वर्षे कारकुनी केली. खाली लिहिलेली सर्व मिळकत माझ्या कमाईची आहे, वडिलोपार्जित काही नाही.

२. बँकेतील ठेव व पेन्शनची शिल्लक निकेशला. उषाबाईचे दागिने टीनाला. तिने कधी मागितले नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

३. पुस्तकबांधणीचे सामान, म्हणजे आरी, दाभण, कात्री आणि बांधलेले पुस्तक दाबून धरायचा सागवानी शिकंजा, हे भंडाऱ्याच्या झेरॉक्सवाल्या प्रविणला द्यावे. त्याने शिकंजा वापरावा, दुकानात शोभेला ठेवू नये.

४. आता पुस्तकांचे कपाट. आमच्याकडे फादर महिन्यातून दोन रविवार येतात. उरलेल्या रविवारी प्रार्थना चालवणे, मुलांना धर्मशिक्षण देणे हे काम तीस वर्षे माझ्याकडे होते. त्यातूनच हे कपाट उभे राहिले. बंद पडलेल्या मिशनमधून पुस्तके मिळाली, काही मी नागपूरला सिस्टरांच्या दुकानातून आणली, फाटकी होती ती बांधून काढली. संतांची चरित्रे, प्रार्थनेची पुस्तके, शुभवर्तमानावरची प्रवचने, जुन्या पुस्तिका. कोणाला श्रद्धेत पुढे जायचे असले की तो माझ्या ओसरीवर यायचा आणि म्हणायचा, "भैय्यालालजी, माह्यासारख्याले जमन असं एखादं द्या."

मी कसे निवडायचो ते लिहितो. माणूस किती शिकला आणि पुस्तक किती जाड, एवढे बघायचो. त्याच्यावर काय आले आहे ते विचारायचो नाही. विचारले तर बसावे लागते. लोक मला जाणकार म्हणत आणि मला ते आवडत असे. सगळ्यात वरच्या खणात चर्चच्या शिकवणीचा मोठा इंग्रजी ग्रंथ होता. तो येणाऱ्याला दिसावा असा ठेवला होता. विकत घेतल्यापासून त्याचे प्लास्टिकही मी काढलेले नव्हते.

५. मालनबाई उके मूळच्या आंबागडच्या. नवरा वारल्यावर दोन मुलांना घेऊन ठाण्याला आल्या आणि माझ्यापासून तिसऱ्या घरात भाड्याने राहू लागल्या. धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेतावर, एरवी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये धुणीभांडी. आमच्या प्रार्थनाघराची झाडलोट त्या न सांगता करत. बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना सही येत नव्हती. पुढची दोन वर्षे त्या रोज संध्याकाळी पाटी घेऊन आल्या आणि मी त्यांना वाचायला शिकवले. अक्षराखाली बोट ठेवून, मोठ्याने, हळूहळू त्या वाचत. आयुष्यात एक चांगले काम केले असे मी समजत होतो ते हे.

त्यांचा मुलगा अश्विन २०१८ च्या मार्चमध्ये, तेविसाव्या वर्षी, आपल्या हाताने गेला. का, ते त्याच्या आईला कळले नाही, बहिणीला कळले नाही, मलाही कळले नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात तो माझ्याकडे सहा वर्षे बसला होता.

तीन आठवड्यांनी मालनबाई आल्या. ओसरीवर बसल्या नाहीत, उंबऱ्याशी उभ्या राहिल्या.

"भाऊ, अश्विन आता कुठं असन? तुमच्या कपाटात लिवलेलं असन त द्या. म्या वाचीन."

ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता, मला वर्गाची तयारी करायची होती. पातळ आणि मोठ्या अक्षराचे काहीतरी शोधताना तपकिरी पुठ्ठ्याची एक पुस्तिका हाती आली. मरण, न्याय, स्वर्ग, नरक यांवरची, फार जुनी. मी ती सोळाव्या वर्षी वाचली होती, नंतर उघडली नव्हती. नवा पुठ्ठा मीच चढवला होता. बत्तीस पाने. त्यांना झेपेल असे वाटले आणि दिली. या सगळ्याला दहा मिनिटेही लागली नाहीत.

शेजारी कैलाश गजभिये, आमच्या फॅक्टरी बसचा जुना ड्रायव्हर, ओट्यावरून बघत होता. त्या गेल्यावर तो म्हणाला, "पुस्तक कायले दिलं तिले? दोन घटका बसाचं होतं तिच्याजवळ." कैलाश बौद्ध आहे. मी त्याला म्हणालो, "तुमच्यात बसत असतील. आमच्यात वाचतात." त्यानंतर सात वर्षे आम्ही बोललो नाही. तो बरोबर होता. त्याला मी काही देत नाही, एवढी कबुली देतो.

महिनाभराने मालनबाई पुस्तिका घेऊन आल्या. एका ओळीखाली बोट होते. स्वतःचा जीव घेणाऱ्याने आपल्या हाताने दार लावून घेतले, त्याच्यासाठी प्रार्थना करणेही व्यर्थ, असे तिथे छापले होते.

"भाऊ, हे खरं हाय काय?"

मी ओळ वाचली. आठवत नव्हती. वाचून मला बरे वाटले नाही हेही खरे. पण मला माहीत नाही, असे मी त्या ओसरीवर कधी कोणाला म्हटले नव्हते. म्हणालो, "मालनबाई, पहिल्या पानावर बिशपांची परवानगी छापलेली आहे. खोटं कसं असन?"

त्या "हो" म्हणाल्या. त्या दिवशीही प्रार्थनाघर झाडून गेल्या. नंतर आल्या नाहीत.

त्यांना साखरेचा आजार होता. त्याच्या गोळ्या त्यांनी केव्हा बंद केल्या ते कोणाला समजले नाही. दिवाळीपर्यंत डोळ्यांनी दिसेनासे झाले. मुलगी प्रतिक्षा नागपूरचा नर्सिंगचा कोर्स अर्धा सोडून आईजवळ येऊन राहिली. २०१९ च्या जानेवारीत फादर प्रितम मरणाऱ्याला द्यायचे पवित्र तेल आणि ख्रिस्तप्रसाद घेऊन त्यांच्या घरी गेले. मी दाराशी मेणबत्ती धरून उभा होतो. मालनबाईंनी तोंड भिंतीकडे केले. फादरांनी दोनदा विचारले. तेव्हा त्या म्हणाल्या, "नको, फादर. माहा पोरगा जिथं हाय तिथंच मले जाचं हाय."

फादरांना वाटले ताप चढला आहे. मला समजले होते. मी मेणबत्ती धरून उभा राहिलो.

दोन दिवसांनी त्या गेल्या. मातीच्या वेळी फादरांनी त्यांच्या नावाबरोबर अश्विनचेही नाव घेऊन प्रार्थना केली. मी नंतर बाजूला नेऊन विचारले, अशा मुलासाठी हे चालते का? ते म्हणाले, "भैय्यालालजी, मनाच्या आजारात, भीतीत माणूस काय करतो ते देवाला माहीत. चर्च कोणासाठीही आशा सोडायला सांगत नाही. तुमच्या वरच्या खणातल्या ग्रंथात आहे, काढून बघा." मग त्यांनी विचारले, "मालनबाईंना कोणी काही वेगळं सांगितलं होतं काय?"

मी म्हणालो, "गावात लोक बोलतात, फादर."

घरी येऊन मी त्या ग्रंथाचे प्लास्टिक फाडले. शब्दकोश घेऊन बसलो. दोन-चार ओळींचा मजकूर होता. फादरांनी सांगितले तेच लिहिले होते. आठ वर्षे तो माझ्या घरात होता. मालनबाई उभ्या होत्या त्या उंबऱ्यापासून हात लांब केला तर पोचेल इतका जवळ.

६. पुढे मी नागपूरला ओळख नसलेल्या फादरांकडे पापनिवेदन केले. त्यांनी क्षमेचे शब्द उच्चारले आणि ते मी मानतो. पण मालनबाईंना मात्र कोणी काही सांगितले नाही, आणि आता सांगता येत नाही.

प्रतिक्षाला सांगायला मला पावणेसहा वर्षे लागली. ती आता पवनी तालुक्यात आसगावला नर्स आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एसटीने गेलो. ती टेबलावर लसीकरणाची कार्डे लावत होती. "बसा, काका," म्हणाली. मी सगळे सांगितले. ती कार्डे लावत राहिली.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "आईच्या उशीखाली होतं ते. तिले दिसत नव्हतं, त शेवटचे पानं म्याच वाचून दाखवले. मी थांबली की आई म्हणे, पुढं वाच. म्या वाचलं."

मी म्हणालो, पोरी, ते चूक होते, चर्च तसे शिकवत नाही. तिने प्रथमच मान वर केली.

"हे तुम्हाले कधी समजलं?"

"तुझ्या आईची माती झाली त्या दिवशी."

"आन आज तारीख कोणती हाय?"

मी तारीख सांगितली. तिने बाहेरच्या बाईला आत बोलावले. मी उठलो.

ती पुस्तिका प्रतिक्षाकडे आहे. ती माझी मिळकत आहे असा हक्क मी सांगत नाही.

७. कपाट व त्यातील पुस्तके प्रार्थनाघराला, पुढील अटींवर. ज्याच्याकडे किल्ली राहील त्याने स्वतः पूर्ण न वाचलेले पुस्तक कोणाला देऊ नये, आणि लहानपणी वाचले होते हे चालणार नाही. कोणी मागायला आले तर आधी खुर्ची द्यावी आणि काय झाले ते विचारावे. पुस्तक त्या दिवशी दिलेच पाहिजे असे नाही. दुःखातल्या माणसाला भीती घालणारे पुस्तक देऊ नये, मग पहिल्या पानावर कोणाचीही परवानगी असो. त्याने काही विचारले आणि आपल्याला येत नसेल, तर येत नाही म्हणावे आणि फादरांना फोन करावा. तो मोठा ग्रंथ खालच्या खणात ठेवावा. त्या पानावर मी खूण घातली आहे आणि त्या ओळींचा मराठी अर्थ माझ्या हाताने लिहून चिकटवला आहे. अक्षर मोठे काढले आहे.

जुन्या पुस्तिका जाळू नयेत. वेगळ्या गठ्ठ्यात बांधून वर या अटी लिहिलेला कागद लावावा.

८. दरवर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, अश्विन उके आणि मालनबाई उके यांच्यासाठी मिस्सा व्हावी. नावे मोठ्याने घ्यावीत. फादर येऊ शकले नाहीत तर निकेशने येऊन नावे वाचावीत. माझे नाव त्यात घालू नये, माझ्यासाठी वेगळी प्रार्थना करायची तर करावी.

९. ठाणा येथील राहते घर, अंगण व विहिरीसह, कु. प्रतिक्षा उके हिला द्यावे. निकेशने फोनवर विचारले, "बाबा, त्या बाई शुगरनं गेल्या, डॉक्टरचा कागद आहे. एका पुस्तकापायी घर देऊन राहिले तुम्ही?" मी म्हणालो, हो. मग तो म्हणाला, "तुमचं घर आहे." तो वाईट मुलगा नाही.

१०. वर नमूद नसलेले जे काही असेल ते निकेशचे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील श्री. धनंजय सेलोकर, भंडारा, यांनी करावी.

(येथून पुढे माझ्या हाताने, सहीच्या आधी, वकिलांच्या टेबलावर लिहिले.)

वरील मजकूर टाइप झाल्यावर मी प्रतिक्षाला निरोप पाठवला होता, की घराचे कलम तिने वाचावे. ती येईल असे वाटले नव्हते. आज सकाळी ती आली. कैलाशला मी काल त्याच्या ओट्यावर जाऊन विचारले होते, तो साक्षीला येऊन बसलाच होता. तिने सगळी पाने वाचली, पाचवे कलम दोनदा वाचले. मग वकिलांना विचारले, "दुसरी साक्ष कोनाची हाय?"

वकील म्हणाले, त्यांचा कारकून करील.

"मले करू द्या."

वकिलांनी तिला समजावले, की ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रावर जो साक्षीची सही करतो त्याला त्यातले काही मिळत नाही. सही केली तर घर जाईल. शिवाय साक्षीदार फक्त सही बघितल्याचा असतो, आतल्या मजकुराचा नसतो.

प्रतिक्षा म्हणाली, "घर घेतलं त मिटलं असं होईन. मले मिटवाचं नाही. यायनं हे लिवलं आन माह्यासमोर सही केली, एवढं म्या पायलं. माह्यासाठी ही साक्ष मजकुराचीच हाय."

मी तिला म्हणालो, पोरी, विचार कर. ती म्हणाली, "काका, तुम्ही सही करा."

म्हणून कलम ९ मी माझ्या हाताने खोडले आहे आणि खोडल्याच्या ठिकाणी छोटी सही केली आहे. घर कलम १० प्रमाणे निकेशकडे जाईल. बाकी मजकूर जसाच्या तसा कायम आहे. मी तो वाचला, मला समजला, आणि खाली नावे असलेल्या दोघांच्या देखत सही करत आहे.

ठिकाण : भंडारा
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

(सही) भैय्यालाल पावलू डोंगरे

आम्हा दोघांच्या समक्ष त्यांनी सही केली, आणि त्यांच्या समक्ष आम्ही केली :

१. (सही) कैलाश गजभिये, वय ७१, निवृत्त ड्रायव्हर, रा. ठाणा. शेजारी.

२. (सही) प्रतिक्षा उके, वय ३१, नर्स, रा. आसगाव, ता. पवनी. मालनबाईची मुलगी, अश्विनची बहीण.