गाऱ्हाणं हळू घालत नाहीत

शिरोडा, १२ जानेवारी २०२५

चि. सौ. भक्तीस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईविरुद्ध तक्रार दाखल करतो. आंबोळीबरोबरची चटणी तिने माझ्या ताटातून बाद केली. अपराध पित्ताचा, दंड मला. न्यायशास्त्रात याला आधार नाही. फोनवर हे सांगता येत नाही, कारण ती शेजारीच बसते.

दुसरं. तुझं ऑपरेशन ठरल्यावर मी बाबली गुरवाला हळूच म्हटलं, देवाला गाऱ्हाणं घाल. त्याने जत्रेत नारळ उचलला आणि साऱ्या गावासमोर गर्जला, "ह्या मास्तराच्या चेडवाची कूस उजव रे म्हाराजा!" गाव एकसुरात म्हणालं, "व्हय म्हाराजा!" तेव्हापासून घरी उपाय येताहेत. सुशीलाकाकी कसल्याशा मुळ्या देऊन गेली. तुला नेमकं झालंय काय, ते मला तरी कळव.

लोभ आहेच, रागावलीस तरी तो ठेव.
बाबा

कोल्हापूर, १८ जानेवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

बाबा, कुणी कधी हळू गाऱ्हाणं घातलेलं ऐकलंय का तुम्ही? तुमचा जावई सुदेश हसत सुटला. मी पत्र घडी करून पिठाच्या डब्याखाली दडपलं.

आधी थायरॉईड निघालं, ते गोळ्यांनी ताळ्यावर आलं. बीज वेळेवर तयार व्हावं म्हणूनही गोळ्या झाल्या. सुदेशच्या तपासण्या ठीक आहेत. आता एंडोमेट्रिओसिस निघालंय. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेरही वाढतं. माझ्या बीजकोशावर त्याची गाठ झालीय, एक नळी चिकटलीय. दुर्बिणीतून गाठ काढतील, नळी मोकळी करतील. मग काही महिने वाट पाहायची, नाहीतर टेस्ट ट्यूब. हमी कशाचीच नाही. मुळ्या फेकून द्या. आणि आईला सांगा, शाळेत असताना पाळीत मी लोळायची, ते 'सगळ्यांनाच होतं' असलं दुखणं नव्हतं.

राग थोडा, माया पुष्कळ.
भक्ती

शिरोडा, २४ जानेवारी

चि. सौ. भक्तीस आशीर्वाद. वि. वि.

पत्र आईला वाचून दाखवलं. "माका तेव्हाच कळाक व्हया होता," एवढंच म्हणाली आणि पिशवी भरायला लागली. सोमवारच्या एसटीने ती येतेय. सोबत कुळथाचं पीठ आणि तुझ्या स्वयंपाकघराबद्दलची मतं आहेत. दोन्ही गोड मानून घे.

नातवंडाची मला काळजी नाही. तू हे आमच्यासाठी करते आहेस की काय, याची आहे. दुखणं थांबावं म्हणून ऑपरेशन जरूर कर. पुढचं तुला नको असेल तर नको म्हण, मी तुझ्या बाजूने आहे. पण तू तसं म्हणणार नाहीस, गप्प राहून सोसशील, याची मला भीती वाटते.

तुझा,
बाबा