ढब्बूच्या नावाची मिस्सा

१४ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय ढब्बू,

तुला आणि वहिनींना आशीर्वाद. पाकीट पाहून दचकला असशील, म्हणून आधीच सांगून टाकते: आम्ही सगळे ठीक आहोत. आईसुद्धा. आता श्वास सोड आणि पुढचं निवांत वाच.

तुझे भावोजी बदली टळली म्हणून खुशीत आहेत. भाची गाडी चालवायला शिकते आहे. तिला शिकवणारे गृहस्थ हल्ली आजीपेक्षा जास्त वेळा देवाचं नाव घेतात, असं तीच सांगते. माझं तेच चाललंय, इस्पितळात लोकांचे कान तपासणं. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, बारीक शिट्ट्या ऐकवायच्या आणि ‘ऐकू आलं की बटण दाबा’ म्हणायचं. तू अधूनमधून मला तिथेच फोन करतोस, पण मागे पेशंटांची रांग असते आणि जे सांगायचंय ते रांगेसमोर सांगण्यासारखं नाही.

मुद्द्यावर येते.

मुद्द्यावर येते असं लिहिलं आणि उठून चहा करून आले. माझी ही टाळाटाळ मला कळते, तरी ती सुटत नाही. असो.

तू गेल्यापासून आईचा दिनक्रम तसूभरही बदललेला नाही. पहाटे चर्चमध्ये पहिली मिस्सा. मग घरी येऊन आमचे डबे. मग आजाऱ्यांच्या भेटी. त्यात ज्यांना ती नको असते त्यांनाही सवलत नाही. शनिवारी वेदीवरचे कपडे धुणं. मिस्सेतल्या द्राक्षारसाचा कटोरा पुसण्याचे ते छोटे रुमाल धुतले की पहिलं पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही, मातीत ओतायचं, हा तिचा नियम अजून आहे. आमच्या मागच्या दारचं लिंबाचं झाड त्यामुळेच माजलंय, असं भावोजींचं म्हणणं. संध्याकाळी माळ, आणि माळेनंतर सगळ्यांची नावं. आठवतं ना? आधी मृत, मग आजारी, मग प्रवासात असलेले, मग वयाच्या क्रमाने घरातले.

तू ‘प्रवासात असलेले’ यांत होतास. फादर व्हायचं नाही म्हणून सेमिनरी सोडून तू दारात बॅग घेऊन उभा राहिलास आणि आई म्हणाली, “देवाला दिलेलं परत घ्यायची आमच्या घरात पद्धत नाही,” त्या संध्याकाळपासून. तुझ्याबद्दल घरात त्यानंतर एक अक्षर नाही, पण प्रवाशांमध्ये तुझं नाव रोज. मी मनात म्हणायची, बाई गं, एवढा लांबचा प्रवास जगात कुणी केला नसेल.

तर मागच्या रविवारची गोष्ट. नोव्हेंबर म्हणजे मृतांचा महिना. प्रत्येक कुटुंबाने आपापल्या गेलेल्या माणसांची नावं द्यायची आणि मिस्सेच्या वेळी ती वाचायची. आमच्या घरातर्फे आई जाऊन सांगून आली होती. आजी, आजोबा, बाबा, आत्या. वाचायला पोस्टमास्तर होते, निवृत्त झाले तरी आवाज अजून खिडकीतून ओरडल्यासारखा. आत्याचं नाव झालं आणि त्यापाठोपाठ त्यांनी तुझं नाव वाचलं. बाप्तिस्म्याचं, पूर्ण, आडनावासकट.

माझ्या हातातलं गीतांचं पुस्तक खाली पडलं. आईने वाकून उचललं, धूळ झटकली, बरोबर पान काढून माझ्या हातात दिलं आणि समोर पाहत राहिली.

तुला सगळी ढब्बू म्हणूनच ओळखतात, त्यामुळे बऱ्याच जणांच्या लक्षात यायला मिस्सा संपावी लागली. पण पायऱ्यांवर बेकरीवाल्या काकूंनी मला गाठलंच.

“अगं, कधी गेला? कळवायचं तरी!”

“काकू, तो कुठेही गेलेला नाही. परवाच फोन आला होता.”

“मग कोण गेलं?”

“कुणीच नाही.”

“असं कसं? मिस्सा झाली की.”

मिस्सा झाली म्हणजे तू जायलाच हवंस, एवढं त्यांचं पक्कं होतं. तोवर गायनमंडळाचे मास्तर आईचे हात हातात घेऊन उभे होते. आई त्यांना म्हणाली, “देवाची इच्छा.” एवढंच. डोळ्यांत पाणी नाही, खोटेपणा नाही. दुपारी काकू सूप घेऊन आल्या. ते तुझ्या भाचीने प्यायलं आणि विचारलं, “मामा वारला, तर मंगळवारी मला अभ्यासावरून फोनवर कोण बोललं?”

हसलास ना? आम्हीही हसलो. पण मी आतून घाबरले होते. वाटलं, सुरू झालं. माणसं विसरणं असंच सुरू होतं, आधी जिवंत आणि गेलेले यांतलं अंतर पुसतं. दुसऱ्याच दिवशी मी तिला आमच्या इस्पितळातल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. तिला सांगितलं, रक्तदाब बघायचाय.

डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली. तिने सांगितली, वर कोणत्या संताचा दिवस तेही सांगितलं. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं, तर ती डॉक्टरांच्या पुढे पळाली. मग त्यांनी विचारलं, “मुलं किती, आजी?”

“दोन. ही मोठी, कान तपासते. एक मुलगा, परगावी. दुकानांच्या पाट्या रंगवतो. तुमची बाहेरची पाटी पण रंगवायला झालीय. तुम्ही मिस्सेला दिसत नाही ते?”

डॉक्टर म्हणाले, “रविवारी ड्युटी असते.”

“शनिवारी संध्याकाळी पण असते मिस्सा.”

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी मला सांगितलं की तुमच्या आईची तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे. ढब्बू, तुझ्या पाट्यांचं तिला माहीत आहे, हे मला खरंच माहीत नव्हतं. मी कधी सांगितलं नव्हतं. ती नुसतं ऐकत आली असणार, भिंतीपलीकडून, माझे फोन, भाचीचे फोन.

म्हणजे ती काही विसरलेली नव्हती. आणि ते जास्त वाईट होतं.

फादरही अस्वस्थ झाले होते. जिवंत माणसासाठी मृतांची प्रार्थना करता येत नाही, पुढच्या रविवारी दुरुस्ती वाचू या, असं त्यांनी तिला समजावलं. आई म्हणाली, “दुरुस्ती नको. चूक झालेली नाही.” फादर मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुम्हीच विचारा. मला त्यांची भीती वाटते.”

विचारायला मला शुक्रवार उजाडला. खरं सांगते, मधल्या दिवसांत मला भीतीबरोबर रागही येत होता आणि तो सगळा काही तुझ्यासाठी नव्हता. तुझ्या नावाची मिस्सा, आणि माझ्या वाट्याला दर शनिवारी तिच्याबरोबर वेदीच्या कपड्यांना इस्त्री. मला कुणी देवाला दिलं नाही आणि परतही मागितलं नाही. मी आपली घरात. हा विचार मी झटकून टाकला, तो परत आला. आता लिहून टाकते, म्हणजे जाईल.

शुक्रवारी ती खिडकीशी मशीनजवळ बसून पांढरा झगा उसवत होती. तोच, तुझ्या पहिल्या मिस्सेसाठी शिवलेला. इतकी वर्षं मलमलीत गुंडाळून पेटीच्या तळाशी होता. त्याला हात लावायची आमची कुणाची छाती नव्हती. खालची पट्टी सोडून ती लांबी वाढवत होती.

“हे काय करतेस?”

“फादरांच्या मदतीला आलेले नवे छोटे फादर उंच आहेत. त्यांचा झगा पोटऱ्यांपर्यंत येतो, बरं दिसत नाही. हा तुझ्या भावाच्या मापाचा. तो बुटकाच राहिला.”

मी म्हटलं, “आई, तो जिवंत आहे.”

“ठाऊक आहे.”

“मग मेलेल्यांत कसा घातलास? रागाने?”

तिने सुईने एक टाका उचलला, दोरा ओढला. मग म्हणाली, “राग असता तर नावच घेतलं नसतं. मी देवाला एक मुलगा दिला होता. वेदीशी उभा राहणारा, माझ्या हातचा झगा घालणारा, मरताना मला शेवटचं तेल लावणारा. तो मुलगा कधीच गेला गं. त्याचं कुणी काही केलं नाही. ना घंटा, ना मिस्सा, ना रडणं. मी आपली रोज त्याला प्रवासात ठेवायची, की येईल. तो येणार नव्हता. त्याची वाट बघत बसले आणि दारात उभा होता त्याला आत घेतलं नाही.”

मी तिच्याजवळ खाली बसले.

“म्हणून त्याची मिस्सा घातली. चुकलं असेल तर देव बघून घेईल, फादरांना सांग. जो देवाला दिला होता तो देवाकडे पोचला. आता उरला तो पाट्या रंगवणारा. तो माझा.”

मग तिने मला दोरा ओवायला दिला. सुईच्या नाकात दोरा एका फटक्यात ओवणारी बाई ती.

ते मी फादरांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, “धर्मशास्त्राला धरून नाही.” आणि मग, “पण दुरुस्ती मी वाचणार नाही.”

आज सकाळी छोट्या फादरांनी तो झगा घातला. आईने मान वर करून एकदा पाहिलं, जसं आपण दुसऱ्याच्या मुलाकडे पाहतो, कौतुकाने आणि थोडं लांबून. घरी येताना रस्त्यात म्हणाली, “त्याला बोलव. पण मी बोलावलं म्हणून सांगू नकोस. तू तुझ्या मनाने बोलाव.”

आता माझी पंचाईत बघ. खोटं लिहायचं नाही आणि तिचा शब्दही मोडायचा नाही. सकाळपासून वाक्य जुळवते आहे. ‘आम्हाला तुझी आठवण येते’ असं लिहिलं, खोडलं. ‘आईचं वय झालं’ असं लिहिलं, खोडलं. तिचं वय झालेलं नाही, डॉक्टरांना विचार. शेवटी ठरवलं की जे आहे ते सगळं लिहायचं. तिचा शब्द मोडल्याचं मी शनिवारी पापनिवेदनात सांगेन. फादर फारसं प्रायश्चित्त देणार नाहीत असं वाटतं.

अटी ऐकून ठेव. मिस्सेला येण्याची सक्ती नाही. विचारणार मात्र ती प्रत्येक रविवारी, आणि तू प्रत्येक रविवारी नाही म्हणायचं, न चिडता. जेवणाआधीची प्रार्थना ती म्हणणारच. तू डोळे उघडे ठेवलेस तरी चालतील. वहिनींना आणायचं. त्यांच्याशी ती पहिल्या दिवशी फक्त कामाचं बोलेल, त्यांनी मनावर घेऊ नये. तिने बाबांशीही पहिलं वर्षभर तसंच केलं होतं.

आणि तिने सांगितलं, ‘तू तुझ्या मनाने बोलाव’. ते वाक्य मी आज दिवसभर उलटसुलट करून पाहिलं. तिच्या निरोपाआडून लिहिणं मला सोपं जातं. इतकी वर्षं तुझ्याशी फोनवरही मी आईच्याच बातम्या बोलले. माझं स्वतःचं काही विचारायचं धाडस झालं नाही, कारण तू ‘नाही’ म्हणाला असतास तर ते ‘नाही’ आईला नव्हे, मला असतं.

तर आता आई बाजूला. भावोजी, भाची, फादर, सगळे बाजूला. मला माझा भाऊ घरी हवा आहे. ये.

तुझीच, आणि हे पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने मागणारी,
ताई