वळणावर सैल सोडलेले हात

प्रिय वैशू,

तू जाऊन चार महिने झाले. आज दुपारी जे घडलं ते सगळं तुझ्या आईलाही सांगायची हिंमत होत नाही. मग तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

गेलेली वीज आली आणि तुझ्या बंद खोलीतून घरघर ऐकू आली. दार उघडलं. टेबलाला लावलेलं तुझ्या गेमचं स्टेअरिंग आपोआप डावीकडे फिरलं, मग उजवीकडे, मग मधोमध येऊन थांबलं. वीज आली की ते तसं करतं, हे तूच सांगितलं होतंस. तरी अंगावर काटा आला.

मी तुझ्या खुर्चीत बसलो. किती वेळा म्हणाली होतीस, "बाबा, एकदा बसून तं पाहा." कामरगाव-कारंजा जीप चालवण्यात तीस वर्षं गेलेला माणूस मी. म्हणायचो, "खेळण्यात काय बसू?" का बसलो नाही गं? आठ दिवसांच्या तापात तू जाशील, असं कुणाला वाटलं होतं?

दारातून बघून बघून बटणं पाठ झाली होती. पडद्यावर तुझी लाल गाडी निघाली. इंजिन मागे, सगळा भार मागे, त्यात टर्बो. एक्सिलेटर दाबला तर आधी काहीच नाही. मग कुणी पाठीत ढकलावं तशी सुटते. वळणावर घाबरून पाय काढला की मागचा भाग पुढे येऊन गाडी गरगर फिरायची. सात वेळा फिरली. जीपमध्ये भीती वाटली की पाय काढायचा, ती सवय सुटते का?

जेवताना तू ताटाभोवती वाटी फिरवून सांगायचीस, "मागचं घसरलं तं स्टेरिंग आवळू नका, हात सैल सोडा. अन् पाय एकदम काढू नका." मी हूं म्हणून भाकर मागायचो.

आठव्या वेळी हात सैल सोडले. गाडी घसरली, आणि स्टेअरिंग माझ्या तळव्यांखालून उलटं फिरलं, हवं तेवढंच. पाय काढायला गेलो, तो निघाला नाही. गाडी सरळ झाली. यंत्राचंच काम असेल. पण माझे हात गार पडले होते वैशू, आणि स्टेअरिंग कोमट होतं.

मागे वळलो तर उंबऱ्याबाहेर तुझी आई. चार महिने या दारासमोरून तोंड फिरवून जाणारी.

"कोनासंग बोलून राह्यले होते?"

"कोनासंगच नाही."

"मंग हासलं कोन?"

ती उंबऱ्यावर बसली. "आनखी चालवा," म्हणाली. मी तेच वळण तीनदा घेतलं. ती कान देऊन होती. शेवटी उठली आणि म्हणाली, "तुमच्यासमोर नाही येत ते पोरगी."

उद्या तिला तुझ्या खुर्चीत बसवतो. तिचे पाय पोचणार नाहीत, खुर्ची पुढे ओढून देईन. मग दार लावून अंगणात जाऊन बसेन. तुम्हा मायलेकींच्या मध्ये येणार नाही, हा माझा शब्द.

तुझे बाबा