कललेला समुद्र

आई,

मालगुंडला तू काढलेला समुद्राचा फोटो मी मागच्या आठवड्यात सरळ केला. मी आता रत्नागिरीत एका फोटो लॅबमध्ये कामाला आहे, आणि दिवसभर हेच करते. लग्नाचे अल्बम, पासपोर्टचे फोटो, आणि सुट्टीला आलेल्या लोकांनी काढलेले समुद्र. बहुतेकांचे समुद्र एका बाजूला कललेले असतात. कॉम्प्युटरवर फोटो उघडायचा, पाणी आणि आकाश मिळतं तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची, की सगळा फोटो फिरतो आणि पाणी सपाट होतं. फिरल्यामुळे चारही कोपऱ्यांत रिकाम्या पाचरी उरतात, म्हणून कडा कापून टाकायच्या. तुझ्या फोटोलाही कुणाच्याही फोटोला लागतो तेवढाच वेळ लागला. हात थांबला वगैरे काही झालं नाही.

धाकट्याने विरारला घर घेतलं. तू गेलीस तेव्हा तो जेमतेम बोलायला लागला होता, त्याला तुझं काहीच आठवत नाही. फोनवर म्हणाला, "ताई, आईचा आपल्याकडे एकच फोटो, शाळेच्या ओळखपत्रावरचा. मोठा केला की फुटतो. त्यापेक्षा तिने काढलेला समुद्र दे, हॉलमध्ये लावतो. पण सरळ करून दे हां, वाकडा भिंतीवर बरा दिसत नाही." त्याचं चुकलं नाही. त्या दिवसाचे बाकीचे फोटो पेटीत होते, पावसाळ्यातल्या ओलीने ते एकमेकांना चिकटून गेले. हा एकच राहिला, कारण तू तो चुलीजवळच्या फडताळाच्या दाराला आतून लावला होतास. तिथे कायम ऊब असायची.

तो दिवस मला नीट आठवतो. मे महिना आहे, तू शिकवतेस त्या शाळेला सुट्टी आहे, बाबा मुंबईहून कुणाचा तरी कॅमेरा मागून घेऊन आलेत आणि लांज्याहून एसटी बदलत बदलत आपण मालगुंडला तुझ्या मावशीकडे आलोय. सकाळी उन्हं चढायच्या आत आपण किनाऱ्यावर जातो. धाकटा बाबांच्या खांद्यावर झोपलाय. बाबा आम्हाला इथे उभं करतात, तिथे उभं करतात, आणि तू एकदम म्हणतेस, "मला एक काढू द्या." तू काही मागितलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. बाबा म्हणतात, "रोल संपत आला गो. एखादाच उरला असेल." तरी ते कॅमेरा देतात, कुठे दाबायचं ते दाखवतात. आम्ही तिघं तुझ्यासमोर येऊन उभे राहतो, तर तू हातानेच आम्हाला बाजूला सारतेस आणि नुसत्या पाण्याचा फोटो काढतेस. बाबा चिडले होते. "माणसं सोडून पाण्याचा कसला फोटो?" तू कॅमेरा परत देत म्हणालीस, "माणसं काय, रोज बघतेच मी."

फोटो धुऊन आला तेव्हा बाबा खूप हसले. "तुझा समुद्र सांडला बघ. उद्या लांज्यात पाणी येईल." तू हसली नाहीस, रागावलीही नाहीस. भाताच्या पेजेचं बोट लावलंस आणि फोटो फडताळाला चिकटवलास. पुढे दोनेक वर्षांनी तुला कावीळ झाली आणि पंधरवड्यात तू गेलीस. वाडीतल्या बायका मला जवळ घेऊन म्हणत होत्या, "रड गो, रडून मोकळी हो." मी त्यांच्या लुगड्यांचा वास घेत उभी होते. बाबांनी मुंबईची नोकरी सोडली. संध्याकाळी चुलीपुढे तेच बसायचे, फडताळाचं दार उघडं टाकून, आणि भात उतू जाईपर्यंत बघत राहायचे. मला वाटायचं, ते चुलीकडे बघतात.

बाबा आता माझ्याकडे असतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना चांगलं दिसतं. धाकट्याला पाठवायची प्रिंट मी घरी आणली आणि सहज त्यांच्या हातात दिली.

"हा कुठला?"

"आईने काढलेला. मी सरळ केला."

"तिनं वाकडा काढलान होता."

"हो, म्हणून तर."

त्यांनी कागद दोन्ही हातांत धरला आणि हळूहळू फिरवला, पाणी पूर्वीसारखं कलेपर्यंत. मग डावीकडच्या खालच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत राहिले, तांदळातला खडा शोधावा तसा.

"हितं ती होती," ते म्हणाले.

"कुठे?"

"हितं खाली. वाळूत सावली पडली होती तिची. ती कापलीस गो."

तो कोपरा मी कापताना पाहिला होता. काळपट होता. चुलीजवळ इतकी वर्षं राहिलेल्या फोटोवर धुराचा डाग असणारच, असं मी धरून चालले होते. मी म्हटलं, "तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कोणी विचारलान?" एवढंच म्हणाले आणि प्रिंट मला परत दिली. रागाने नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी मूळ फोटोचा स्कॅन पुन्हा उघडला आणि कोपरा मोठा केला. सावलीच आहे. डोकं, आणि कॅमेरा धरायला वर केलेलं एक कोपर. धाकट्याला सरळ केलेलाच पाठवला, त्याला तोच हवा होता. बाबांसाठी वाकडा होता तसाच छापला, काहीही न कापता. त्यांनी तो चौकटीत घालू दिला नाही, उशाशी ठेवलाय.

हे तुला का लिहितेय, माहीत नाही. कुठे पाठवायचं नाहीच. लिहून झालं की लॅबमधलं मशीन बंद करून घरी जाईन, बाबांना पेज लागते. काल जेवताना त्यांनी विचारलं, "दिसली ना तुला?" मी हो म्हटलं. सावली आहे हे मला कळतं, आई. ती तुझी आहे असं मात्र अजून वाटत नाही. ते मी त्यांना सांगितलेलं नाही.