राजधानीची तीन तिकिटं

४ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू केलेली कवळी पोचली आणि तोंडात बसलीही. वरच्या बाजूला जरा टोचते, पण सासूला टोचायचा सुनेचा हक्क मी मानते, म्हणून तक्रार नाही. फोन करू नकोस. मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने भरते, त्यातून आपली दोन भांडणं आधीच झाली आहेत. पत्रच लिही.

सहल कंपनीच्या बाईने राजधानीचा कार्यक्रम पाठवला आहे. आठ दिवसांत चार राजवाडे, सहा चर्च, तीन संग्रहालयं, आणि जेवणाच्या जागी 'हलका अल्पोपहार'. मी काय राजाच्या मालमत्तेची मोजदाद करायला निघाले आहे? चौतीस वर्षं टपालाच्या सॉर्टिंगच्या टेबलावर उभी होते. राजधानीहून आलेली चित्रांची कार्डं हातातून जायची. वाचायची परवानगी नव्हती, म्हणून सगळी वाचली. तिथे गेलेलं एकही माणूस घरी राजवाड्याबद्दल लिहीत नाही. सगळे लिहितात ते खाल्लेल्याबद्दल. दुसऱ्या पुलाजवळच्या भट्टीतला पाव, फोडला की वाजणारा. बाजारात उभ्याने खायचे तळलेले मासे. चीजचं एक दुकान, वास असा की नवराबायको आत जाताना हात धरून आणि बाहेर पडताना वेगवेगळे. अशी एकोणीस ठिकाणं वहीत लिहून ठेवली आहेत. राजवाडे बसमधून दिसतील तेवढे पुरेत.

चिरंजीवांना सांग, रजा आत्ताच टाका. जूनचा पहिला आठवडा आहे. जेवणाची हेळसांड करू नकोस. तुझ्या डब्यात काय असतं ते कळव.

तुझी
सासू

९ फेब्रुवारी

स. न. वि. वि.

फोनवर आपलं भांडण होतं म्हणून लिहितोय. आईचं पत्र सोबत पाठवतोय. तू घर सोडलंस त्याला तीन महिने झाले आणि मी तिला अजून सांगितलेलं नाही. तिच्या रक्तदाबाचं तुला माहीत आहे. तीस वर्षं ती ह्या सहलीची वाट बघतेय, तेवढी होऊ दे. आठ दिवस आपण तिच्यासमोर नेहमीसारखे राहू. परत आल्यावर मी स्वतः सांगेन, शब्द देतो. तोपर्यंत पत्रावर जुनाच पत्ता घालत जा.

तुझा

१२ फेब्रुवारी

पत्र मिळालं. 'सप्रेम नमस्कार' वाचून करमणूक झाली. खाली 'तुझा' लिहून पुढे काहीच सुचलं नाही हेही दिसलं.

'नेहमीसारखे' म्हणजे तू पेपरात डोकं घालणार आणि मी भिंतीशी बोलणार, तेवढं जमेल. पण मी हो म्हणतेय ती तुझ्यासाठी नाही. माझी आई गेल्यापासून जेवलीस का म्हणून विचारणारं माणूस मला एकच उरलंय, आणि ते नेमकं तुझ्या बाजूचं आहे. तू सांगितलंस की तेही जाईल. नवरा सुटला की सासू सुटते, लोक ह्याला नशीब म्हणतात. मला ते नशीब जूनपर्यंत नको आहे. म्हणून खोटं बोलेन. तू मात्र शब्द पाळ. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं सोडवायचा पगार घेतोस, एकदा घरच्या माणसांनाही धड बाहेर काढ.

१५ फेब्रुवारी

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

कवळी वरून टोचते तर हिरडीचा ठसा घेताना तुम्ही बोलत होतात, हे विसरू नका. प्रयोगशाळेत बाराशे कवळ्या केल्या, पण ठसा सुकेपर्यंत मला भाजी चिरायला शिकवणाऱ्या तुम्ही एकट्याच. कानशीने घासून देईन, पण आधी कडक पावावर तिची परीक्षा होऊ द्या.

तुमची वही वाचायला मिळाली तर उपकार होतील. सहल कंपनीच्या बाईला मी फोन केला आणि दोन चर्च कमी करून तिथे मासे घातले. ती म्हणाली की असं आजवर कोणी मागितलं नाही. मी म्हटलं, आमच्या सासूबाईंना भेटा मग.

हे बरे आहेत. रजेचा अर्ज टाकतो म्हणालेत. घरी सगळं नेहमीसारखं. डब्यात आज काकडी आणि उकडलेलं अंडं होतं. रागावू नका, वेळ नव्हता.

लोभ आहेच, तो वाढवावा.
तुमची
सून

२ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काकडी आणि अंडं! दुसऱ्यांचे दात घडवणारीने स्वतःच्या दातांना कामच द्यायचं नाही असं ठरवलंय का? रागावले नाही, फक्त हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे.

वहीची नक्कल पाठवते. सातव्या क्रमांकाच्या दुकानात सूप मिळतं, पण वाढणारा माणूस उद्धट आहे असं अकरा कार्डांवर होतं. मला तो बघायचाच आहे. उद्धटपणात मी त्याला कितपत पुरी पडते ते कळेल.

चिरंजीवांचंही पत्र आलं. सव्वा पान, त्यातलं पाऊण हवामान. तुझ्याबद्दल एक ओळ, 'ती मजेत आहे.' हवामानाबद्दल त्याने जास्त आपुलकीने लिहिलं होतं. काही बोलत नाही मी. आपलेच दात आपलेच ओठ म्हणावं, तर दातही आता तुझेच आहेत.

जेवत जा.

तुझी
सासू

३ एप्रिल

स. न. वि. वि.

मला जूनमध्ये जमेल असं वाटत नाही. नव्या इमारतीच्या लिफ्टांची तपासणी आहे. खरं सांगायचं तर आठ दिवस आईसमोर नाटक मला झेपणार नाही. तू आईला काहीतरी सांग. तुला ते चांगलं जमतं. तुम्ही दोघी जाऊन या.

८ एप्रिल

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

बातमी वाईट आहे, पण तुम्ही हसाल अशी खात्री आहे. ह्यांना जूनमध्ये रजा मिळत नाही. एका नव्या इमारतीत नऊ लिफ्टा आहेत आणि त्या ह्यांच्यावाचून वर जायला तयार नाहीत. हे फार हळहळले. काल रात्री जेवतानाही तेच बोलत होते.

आपण दोघींनी जायचं का, ते तुम्ही ठरवा. माझी तयारी आहे. पण तुमची सहल मुलाबरोबर ठरली होती, आणि नुसत्या सुनेबरोबर आठ दिवस म्हणजे तुम्हाला शिक्षा वाटेल. नको म्हणालात तर मी समजून घेईन.

तुमची
सून

१७ एप्रिल

चि. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री तो जेवताना हळहळला म्हणतेस. तुझ्या टेबलाशी की त्याच्या?

अगं, चौतीस वर्षं ज्या बाईने दिवसाला चार हजार पाकिटं हातावेगळी केली तिला तू पत्रं लिहितेस, आणि आत काय लिहायचं तेवढाच विचार करतेस? मी आधी शिक्का बघते. नंतर पाकीट फोडते. ती सवय मेल्यावरच जाईल. तुमच्या घराकडचं टपाल मोठ्या कार्यालयातून निघतं. चिरंजीवांच्या पाकिटावर तोच शिक्का असतो. तुझ्या पाकिटावर नोव्हेंबरपासून पुलापलीकडच्या छोट्या कार्यालयाचा. एखाद्या वेळी कामाला गेली असेल, तिथे टाकलं असेल, म्हणून सोडून दिलं. पण सलग नऊ पत्रं? एका घरातली दोन माणसं टपाल टाकायला दोन टोकांना जात असतील, तर ते घर फार मोठं असलं पाहिजे. तुमच्या दोन खोल्या मी पाहिल्या आहेत.

मग पुलापलीकडे चौकशी केली. तिथला म्हातारा पोस्टमन माझ्या हाताखाली शिकलेला. कवळ्या करणारी बाई कुठे राहते विचारलं, तर त्याने मजला आणि दाराचा रंगसुद्धा कळवला. त्या पत्त्यावर हे पत्र येतं आहे.

चिरंजीवांना मी काल लिहिलं. माझ्या रक्तदाबाचं निमित्त केलंच असशील, त्याच्याआड लपू नकोस म्हटलं. माझा रक्तदाब त्याच्या धैर्यापेक्षा बराच वर असतो, पण त्याने मी मेले नाही. आठ दिवस त्याने इथे येऊन माझ्या कुंड्यांना पाणी घालायचं आहे. तपासणी आटोपल्यावर येईन म्हणाला तर त्याला सांग, दुसऱ्या मजल्यावर राहते, जिन्याने ये.

मायन्यात 'सौ.' घातलं नाही, ते विसरून नव्हे. 'सौ.' त्याच्यामुळे होतं, त्याचं तो बघेल. 'चि.' मी लावलं होतं.

तुझी
सासू

२२ एप्रिल

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

पाकिटावर तुमच्या अक्षरात माझा नवा पत्ता पाहिला. दारातच बसून वाचलं. हसले, मग रडले, मग शेजारीण विचारायला आली म्हणून पुन्हा हसले.

खोटं बोलले. माफ करा. तुमचा जीव सांभाळायचा म्हणून, असं लिहिलं तर अर्धंच खरं होईल. कळलं की तुम्ही त्याच्या होणार आणि माझ्या डब्याची चौकशी बंद होणार, ह्याला मी घाबरले होते. आठ वर्षांत आपण काय कमी भांडलो? तरी त्याला सोडून निघताना मी रडले नाही. तुम्ही दिलेली लोणच्याची बरणी तिथेच राहिली म्हणून बसमध्ये रडले.

सहल कंपनीचा अर्ज सोबत आहे. त्यात एक रकाना आहे, 'सहप्रवाशाशी नाते'. कोर्टाची तारीख मे महिन्यात आहे आणि प्रवास जूनमध्ये. मी चार वेळा पेन उचललं आणि ठेवलं. काय लिहायचं ते तुम्ही लिहा. मैत्रीण लिहिलंत तरी चालेल. ओळखीची लिहिलंत तरी मी येईन.

तुमची

२८ एप्रिल

चि. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खाली 'तुमची' लिहून पुढे काहीच नाही? ही खोड तुला चिरंजीवांकडून लागली असेल, ती सोड.

अर्ज भरून पाठवला. शाईने भरला. कंपनीच्या बाईचा फोन आला होता. मुलगा येत नाही, मे महिन्यात घटस्फोटाचे कागद होणार म्हणता, मग नातं काय धरायचं, असं ती मला ओरडून विचारत होती. मीही ओरडले. मुलगा माझ्या पोटी आला त्यात मला कुणी विचारलं नव्हतं म्हटलं, पण सून मी स्वतः जाऊन बघून आणली. ती परत करायची माझी इच्छा नाही. तिने निमूट लिहून घेतलं.

आता एक सांगते आणि पुन्हा सांगणार नाही. शिक्का मला नोव्हेंबरातच कळला होता. डिसेंबरात लिहू शकले असते, जानेवारीतही. नाही लिहिलं. मी खरं बोलले तर तुला खोटं बोलायचं कारण उरणार नाही, आणि मग तुझी पत्रंही थांबतील, अशी भीती वाटत होती. पाच महिने मीही तेवढीच घाबरलेली होते. आता झालं.

खोली एकच घेतली आहे. मी घोरते. कवळी रात्री पेल्यात ठेवते, घाबरू नकोस, तुझीच आहे.

माया आहे, ती तारखेवर अवलंबून नाही. पत्र पोचल्याचं कळव आणि जेवून घे.

तुझी
सासू