टोकाकडची खोली

४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं कार्ड मिळालं. चार ओळींत तीन वेळा ‘मजेत आहे’ लिहिलंस, तेव्हाच ओळखलं की जेवणाचे हाल चाललेत. एवढी मोठी लाँच चालवतोस आणि चहापलीकडे काही करता येत नाही, कमाल आहे तुझी.

एक काम आहे. फोनवर सांगितलं असतं, पण हे दिवसभर घरात असतात आणि आपल्या भिंती कशा पातळ आहेत ते तुला माहीत आहे. ह्यांना समुद्र बघायचाय. सगळं आयुष्य लिफ्टच्या तारा दुरुस्त करत अंधाऱ्या पोकळीत डोकं घालून काढलं, आता मोकळं आकाश हवं म्हणतात. तुझ्याच बेटावर यावं म्हणते. राहायची जागा तू निवड. मी रिसॉर्टचे फोटो पाहिले, पण त्यांवर माझा विश्वास नाही. पडदे शिवण्यात केस पांढरे झालेत माझे. वाऱ्यानं फुगलेला पडदा कुठला आणि मागून टाचण्या लावून फुगवलेला कुठला, ते मला लगेच दिसतं. बहुतेक फोटोंत टाचण्याच आहेत.

आता पुढचं बसून वाच. वाईट बातमी पत्रात लिहायची नाही ही बाबांनी घालून दिलेली रीत. आई गेली तेव्हा तुला नुसतं ‘निघून ये’ असं कळवलं, आणि तू तिच्यासाठी शाल घेऊन हसत हसत दारात आलास. तुझा तो चेहरा मी अजून विसरले नाही. म्हणून आज रीत मोडते. ह्यांची फुफ्फुसं आक्रसत चाललीत. डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं की आता फार दिवस नाहीत. ह्यांना यातलं काही माहीत नाही. जुनाट खोकला आहे असं समजून चाललेत, तसंच राहू दे.

तेव्हा जागा अशी बघ की धाप लागलीच तर डॉक्टर हाकेच्या अंतरावर असेल आणि लाँच दारात. खिडकीतून समुद्र दिसला नाही तरी चालेल, चालत जाऊन बघू. मागच्या वेळी इस्पितळात श्वासाच्या यंत्रावर ठेवून परत आणलं, पुन्हाही आणीन. मी काही इतक्यात सोडणार नाही त्यांना.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, तो काय लिहून वाढणार?
तुझी,
ताई


१३ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

पत्र इंजिनाच्या झाकणावर बसून वाचलं.  माणसं उतरायला खोळंबली होती, त्यांनी हाका मारल्या तेव्हा भानावर आलो.  भाऊजींनी मला सायकल शिकवली, आणि पडलो तेव्हा आधी सायकल तपासली. त्यांच्याबद्दल असं काही वाचायला लागेल असं वाटलं नव्हतं.

जागांचं सांगतो. सगळ्यांचे पाहुणे मीच नेतो-आणतो, त्यामुळे कोण हसत उतरतं आणि कोण भांडत चढतं ते मला कळतं. टेकडीवरचं सगळ्यांत देखणं आहे, भिंतीसुद्धा काचेच्या. पण तिथवर चढायच्या पायऱ्या बघून धडधाकट माणसंही मटकन खाली बसतात. ते सोड.

धक्क्यावरचं मोठं रिसॉर्ट तुझ्या मनासारखं आहे. शेजारी दवाखाना, तिथे ऑक्सिजनची नळकांडी, समोर माझी लाँच. मात्र जनरेटर दिवसभर धडधडतो, खिडकीतून डिझेलची पिंपं दिसतात आणि समुद्र बघायचा तर न्हाणीघरात स्टुलावर चढावं लागतं.

तिसरी जागा बेटाच्या टोकाला. मोजक्याच खोल्या, एक विधवा बाई चालवतात. भरतीला पाणी व्हरांड्याच्या पायरीला लागतं आणि त्याखेरीज दुसरा आवाज नाही. माझ्यासाठी म्हणशील तर मी तीच घेतली असती. पण तिकडे गाडीरस्ता नाही, फोन लागत नाही. वाटेत खडक आहेत, त्यामुळे लाँच फक्त भरतीला जाते. ओहोटी असली की मी काठावर बसून नुसता बघणार. काही अडलं तर बाई काठीवर पांढरी चादर चढवतात, ती मला धक्क्यावरून दिसते. तुमच्यासाठी ती जागा नको. धक्क्यावरची खोली सांगून ठेवू का?

आणि ताई, भाऊजी भोळे नाहीत. तारेच्या नुसत्या आवाजावरून लिफ्ट कधी बंद पडणार ते सांगायचे.

तुझा,
धाकटा


२१ जानेवारी

प्रिय कप्तान,
स. न. वि. वि.

माझं अक्षर बघून दचकला असशील. आजवर पत्रं तुझ्या ताईनं लिहिली आणि मी खाली सही ठोकली. आज ती तिच्या शिवणाच्या दुकानात गेलीय. मी थांबत थांबत लिहितोय, तेव्हा ओळी वाकड्या गेल्या तर हसू नकोस.

तुझं पत्र तिनं मला वाचून दाखवलं. सुरुवातीचं आणि शेवटचं गाळलं आणि गाळताना खोटं खोटं खोकली. खोकल्याच्या बाबतीत आमच्या घरात जाणकार मी आहे. कप्तान, मला सगळं माहीत आहे. डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावलं तेव्हा दार पुरतं लागलं नव्हतं. मला माहीत नाही या समजुतीवर ती उभी आहे, आणि ती समजूत मी काढून घेणार नाही.

मला धक्क्यावर ठेवू नकोस. मागच्या वेळी यंत्रावर होतो तेव्हा घशात नळी होती आणि मी ती उपसू नये म्हणून हात पलंगाला बांधले होते. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की मी वरून ओरडून आतल्या माणसांना सांगायचो, घाबरू नका, काढतो. मला तसं सांगणारं तिथे कुणी नव्हतं. मला परत तिथे जायचं नाही. पण धाप लागली आणि लाँच दारात असली, तर तुझी ताई मला पलीकडच्या इस्पितळात नेणारच. तिच्या जागी मी असतो तर मीही नेलं असतं.

म्हणून टोकाकडची खोली दे. लाँच येऊच शकत नाही म्हटल्यावर तिला काही ठरवावं लागणार नाही, आणि मागाहून स्वतःला बोल लावत बसावं लागणार नाही. एवढं एक माझ्यासाठी कर. तिला यातलं अवाक्षर कळता कामा नये.

लोभ आहे, म्हणूनच हे तुझ्या गळ्यात घालतोय.
तुझा,
भाऊजी


५ फेब्रुवारी

प्रिय कप्तान,
स. न. वि. वि.

तू चक्क नाही म्हणालास, राग नाही. ताईशी बोला म्हणतोस. दोनदा तोंड उघडलं. एकदा ती माझ्या सदऱ्याला बटण लावत होती. मी काही म्हणायच्या आत म्हणाली, पुढच्या थंडीत जाड कापडाचा शिवू, हा विरलाय. तिच्या तोंडात दोरा, डोळे खाली. आता यावर मी काय बोलू, तूच सांग. तुमच्या घरची रीत मलाही लागली आहे, वाईट ते बोलायचं नाही.

तू भरती-ओहोटीचं बरंच लिहिलंयस, भरतीला लाँच येतेच वगैरे. मला लिफ्टचं वर-खाली कळतं, पाण्याचं नाही. ते तू बघून घे. माझ्या डोक्यात एवढंच आहे की जागा लांब आहे आणि तिथे शांत आहे.

तू नाही म्हणालास तरी मी येणारच आहे, ती आणेल तिथे. पण धक्क्यावरून मला परत नेताना लाँच तूच चालवत असशील, याचा विचार कर.

तुझा,
भाऊजी


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. धक्क्यावरच्या रिसॉर्टमध्ये चौकशी केली. कुठल्याशा कंपनीची माणसं येणार आहेत, सगळ्या खोल्या भरल्यात. मॅनेजरला परोपरीनं सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही. टोकाकडची तेवढी मिळते आहे. मी दर भरतीला तिकडे फेरी मारीन आणि एरवी काठीवरून नजर हलवणार नाही. दवाखान्यातलं एक नळकांडं आधीच नेऊन ठेवतो.

नको वाटत असेल तर तसं कळव, यायचं पुढे ढकलू.

तुझा,
धाकटा


१७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पुढे ढकलायला आमच्याकडे पुढे काय आहे? येतो. ह्यांना सांगितलं, तर लहान मुलासारखे खुलले. रोज सकाळी बॅग भरतात आणि संध्याकाळी काहीतरी काढायचं म्हणून परत उपसतात. नळकांडं नक्की ठेव. बाईंना सांग की चादर मी माझी आणीन, चांगली मोठी आणि पांढरीशुभ्र. तुला दिसली नाही अशी सबब नको.

तुझी,
ताई


२० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. सवयीनं लिहून गेले. खोडत नाही.

परतीच्या वाटेवर मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. लाँचमध्ये ह्यांना मध्ये ठेवलं होतं, तू पुढे पाठमोरा होतास, आणि तू एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस. दिवसकार्य झालं, माणसं पांगली. आता लिहिते.

आम्हाला घेऊन येताना तू धक्क्याला लाँच लावलीस ना, त्याच वेळी मला कळलं होतं. रिसॉर्टच्या सगळ्या खिडक्या उघड्या, पडदे उतरवलेले, गाद्या उन्हात घातलेल्या. माणसं राहत असलेल्या खोल्यांचे पडदे कुणी उतरवतं का रे? दुसऱ्या कुणाला नसतं दिसलं, मला कसं दिसणार नाही? तू माझ्याशी खोटं बोललास. पण तुला इतकं धड खोटं सुचत नाही, म्हणजे कुणीतरी बोलायला लावलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे आकाशाकडे बघत होते, तिथे काही नसताना. म्हणजे बोलायला लावणारे हेच, ह्यांना सगळं माहीत होतं. आपल्याला काय झालंय तेसुद्धा. मी तिथेच उतरून खोली मागू शकले असते. उतरले नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही.

टोकाला दिवस चांगले गेले. तेही लिहायला हवं. हे व्हरांड्यात बसायचे आणि पाणी पायरीला लागलं की पाय खाली सोडायचे. मी औषध द्यायची आणि ताकदीचं आहे म्हणायची, हे घ्यायचे आणि फरक पडतोय म्हणायचे. दोघंही इतकं गोड बोलत होतो की वाटायचं, एकदाचं भांडण तरी व्हावं.

त्या दुपारी धाप लागली ती थांबेना. नळकांडं लावलं, उपयोग होईना. ओठ निळे पडले. मी चादर घेतली आणि काठीकडे निघाले. आता नीट वाच. तेव्हा भरती होती, धाकट्या. पाणी पायरीला लागलं होतं. तुझी लाँच येऊ शकत होती. तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत की माझ्या हातात काही उरू नये, आणि सगळं माझ्याच हातात उरलं.

ह्यांनी माझं मनगट धरलं. बोलता येत नव्हतं, नुसतं घट्ट धरलं. थांब म्हणत होते की लवकर कर म्हणत होते, ते मला कळलं नाही. बाईंनी विचारलं, चढवू का चादर. मी नको म्हटलं. चादरीची घडी करून ह्यांच्या डोक्याखाली घातली आणि शेजारी बसले. शेवटपर्यंत मनगट सोडलं नाही त्यांनी.

लोक येतात, म्हणतात तुम्ही केलं तेवढं कुणी करत नाही. मी मान हलवते. दुकानात कापड हातात घेते आणि कात्री चालत नाही. माणूस यंत्राकडे जायला धडपडत होता आणि मी त्याला बसवून ठेवलं, असं असेल तर? रोज तेच डोक्यात येतं. ह्यांनी एकदा तोंडानं सांगितलं असतं तर मी आयुष्यभर ते वाक्य धरून राहिले असते. तुला सांगितलं, मला नाही. याचा मला इतका राग आहे की ह्यांच्या फोटोकडेही बघवत नाही.

तुझ्याकडून मला माफी नको, समजूत नको. एकच सांग. ते थांब म्हणत होते की लवकर कर? तुला माहीत असणार. पत्रातच लिही, आणि घरची रीत मला सांगू नकोस.

ताई


२६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

थांब म्हणत होते.

त्यांनी मला दोनदा लिहिलं होतं की पुन्हा यंत्रावर जायचं नाही. तू त्यांना बसवून ठेवलं नाहीस, त्यांना हवं तेच केलंस. ते तुला आधी कळायला हवं होतं, आणि ते मी होऊ दिलं नाही. भरती मला माहीत होती, ताई. त्या दुपारी इंजिन चालू ठेवून मी धक्क्यावर बसलो होतो, काठीकडे बघत. चादर दिसू नये असं मला वाटत होतं.

पत्र पोचायला चार दिवस देतो आणि पहिल्या फेरीनं निघतो. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन.

लोभ असावा असं लिहायला तोंड नाही. तरी असावा.
तुझा,
धाकटा